जन्म-मृत्यूची नोंद आणि सार्वजनिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाखला कुठे मिळतो, किती दिवसांत मिळतो, कोणती कागदपत्रे लागतात, हे प्रश्न इथे घेतलेले नाहीत. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि त्याचे खात्रीचे उत्तर तुमच्या भागातल्या निबंधकाकडेच (नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडेच) मिळेल. इथले प्रश्न त्यापुढचे आहेत: नोंद झाल्यावर तिचे काय होते, ती कोण वाचते आणि तिच्यातल्या एका चुकीच्या शब्दाने काय बिघडते. अनेक वर्षे नोंदवह्यांचे तक्ते करत असताना लोकांनी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले.

१. जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे दाखला काढणेच ना? त्यात आरोग्याचा संबंध कुठे आला?

दाखला ही नोंदीची प्रत. नोंद झाली की त्या घटनेचे दोन प्रवास सुरू होतात. एक कायद्याचा: नाव, वय, नाते, वारसा. दुसरा आकडेवारीचा: किती जन्म झाले, कुठे झाले, आईचे वय काय होते, बाळाचे वजन किती भरले, कोण कशाने गेले. पहिल्या प्रवासाचा कागद तुमच्या हातात पडतो, म्हणून तो माहीत असतो. दुसरा तुम्हाला दिसत नाही.

त्याचा सगळ्यात साधा उपयोग लसीकरणात होतो. शंभर बाळांना लस दिली, पण जन्मली होती किती? जन्मनोंद नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि राहून गेलेल्या बाळाच्या दारात कोणी जाणार नाही, कारण ते बाळ आहे हेच कागदावर नाही. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंद झालेली नाही.

२. मृत्यू झाला हे आसपास सगळ्यांनाच ठाऊक असते. ते लिहून ठेवल्याने आजार कसा आटोक्यात येईल?

ठाऊक असणे आणि एकत्र मांडलेले असणे यात फरक आहे. प्रत्येक घराला आपले दुःख ठाऊक असते. शेजारच्या गल्लीत त्याच आठवड्यात काय घडले, हे कोणा एकाच्या नजरेला येत नाही.

१८५४ सालचे लंडन घ्या. ऑगस्टच्या अखेरीस सोहो भागात कॉलरा उसळला. जॉन स्नो या डॉक्टरने नोंदणी कार्यालयात जाऊन त्या आठवड्यातल्या कॉलऱ्याच्या मृत्यूंची यादी उतरवून घेतली. आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत ८३ मृत्यू नोंदले गेले होते. प्रत्येक नोंदीत पत्ता होता. पत्ते घेऊन तो फिरला, तेव्हा जवळजवळ सगळी घरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती निघाली. दुसरा पंप जवळ असलेल्या घरांतले मृत्यू जेमतेम दहा, आणि त्यांतल्याही पाच जणांच्या कुटुंबांनी सांगितले की आम्ही पाणी त्याच पंपाचे आणवतो. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला.

मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढच्या वर्षीची गोष्ट. हेन्री व्हाइटहेड हे त्या भागातले धर्मगुरू. स्नोचे म्हणणे त्यांना आधी पटलेले नव्हते, म्हणून ते स्वतः शोध घेत होते. नोंदवही चाळताना त्यांना ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४० इथल्या पाच महिन्यांच्या मुलीची नोंद दिसली: मृत्यू २ सप्टेंबरला, चार दिवस आधीपासून जुलाब. म्हणजे ती मुलगी साथ उसळण्यापूर्वीच आजारी पडली होती, आणि घर पंपाला लागूनच होते. तिच्या आईने दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाखड्ड्यात टाकले होते. खोदून पाहिले तेव्हा त्या खड्ड्यातले पाणी पंपाच्या विहिरीत झिरपत असल्याचे दिसले. त्या ओळीत ‘कॉलरा’ हा शब्दही नव्हता. पण तारीख, वय, पत्ता आणि आजार किती दिवस होता, एवढे कोणीतरी नीट लिहून ठेवले होते.

३. जनगणना होते, सर्वेक्षणे होतात. मग एकेका नोंदीचा आग्रह कशाला?

जनगणना सहसा दहा वर्षांतून एकदा होते आणि त्या दिवशी जे हयात असतात त्यांना मोजते. सर्वेक्षण नमुन्यावर चालते. देशाचा किंवा मोठ्या प्रदेशाचा अंदाज त्यातून चांगला मिळतो, पण तुमच्या वस्तीबद्दल ते काही सांगू शकत नाही. सतत चालणारी आणि सगळ्यांना मोजणारी व्यवस्था एकच, ती म्हणजे नोंदणी.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट विषारी धुके बसले. त्या वेळी ते किती घातक आहे याची लोकांना पुरती कल्पना नव्हती. नोंदी गोळा झाल्यावर दिसले की त्या आठवड्यांत नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे जास्त मेली. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर १९५६ साली हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा आला. दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या जनगणनेत हे पाच दिवस दिसले नसते.

४. नोंद कुठे व्हावी: घटना घडली तिथे, की आम्ही राहतो तिथे?

बहुतेक देशांत घटना घडली त्या ठिकाणच्या निबंधकाकडे. पण आरोग्याचे आकडे काढताना राहण्याचे ठिकाण लागते, म्हणून अर्जात दोन्ही विचारतात. पत्ता लिहिताना लोक कंटाळा करतात आणि रुग्णालयाचाच पत्ता दोनदा लिहितात. मग मोठे रुग्णालय असलेले शहर कागदावर मृत्यूंचे आगर ठरते आणि जिथून रुग्ण आले ते खेडे निरोगी. पाणी त्या खेड्यातले खराब असते, पथक मात्र शहरात फिरते. नेहमी राहत होता तो पत्ता लिहा. उपचारासाठी दोन महिने नातेवाइकाकडे राहिलेल्या माणसाचा नातेवाइकाचा पत्ता देऊ नका.

५. नोंद उशिरा केली तर काय बिघडते? शेवटी होतेच ना?

कायद्याच्या दृष्टीने विलंबाचे मार्ग असतात. आरोग्याच्या दृष्टीने मात्र काही गोष्टी परत येत नाहीत. हिपॅटायटिस बी च्या लसीचा जन्मल्यापासून २४ तासांत द्यायचा डोस सहा महिन्यांनी कळून वेळेत देता येत नाही. साथीचा संशय घ्यायचा तर या आठवड्याचे मृत्यू या आठवड्यातच दिसावे लागतात.

दुसरे असे की उशिरा होणाऱ्या नोंदी सरसकट उशिरा होत नाहीत. मालमत्ता, विमा किंवा निवृत्तिवेतन असेल तर मृत्यूची नोंद लगेच होते. लहान मुलाच्या किंवा मालमत्ता नावावर नसलेल्या बाईच्या मृत्यूची नोंद मागे पडते आणि बहुधा कधीच होत नाही. मग आकड्यांत मुले आणि बायका कमी मरताना दिसतात. नोंदवहीतला मला सर्वांत खुपणारा दोष हाच. उशीर झाला असला तरी नोंद कराच. घटनेची खरी तारीख द्या, नोंदीची नव्हे.

६. मृत्यूच्या कारणात डॉक्टरांनी ‘हृदय बंद पडले’ असे लिहिले. यात चूक काय?

मृत्यूच्या वेळी प्रत्येकाचेच हृदय बंद पडते. ते मरण्याचे वर्णन झाले, कारण नव्हे. श्वास थांबणे, अवयव निकामी होणे, वृद्धापकाळ, यांचेही तेच.

आरोग्ययंत्रणेला हवे असते मूळ कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे मूळ कारण म्हणजे मृत्यूकडे नेणारी साखळी ज्या आजाराने किंवा इजेने सुरू झाली तो आजार किंवा ती इजा. इजा असेल तर ती कोणत्या अपघाताने किंवा हिंसेने झाली, तेही. म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्रात ओळी एकाखाली एक असतात. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, तिच्याखाली ‘ते कशामुळे’, त्याखाली पुन्हा ‘ते कशामुळे’. सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीत मूळ कारण यायला हवे. साखळीत न बसणारे, पण मृत्यूला हातभार लावणारे आजार वेगळ्या भागात लिहितात.

एक उदाहरण. आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, त्या अंथरुणाला खिळल्या, न्यूमोनिया झाला आणि गेल्या. नुसते ‘न्यूमोनिया’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, लस किंवा प्रतिजैविके कमी पडली. खाली ‘पडून खुब्याचे हाड मोडले’ असे लिहिले, तर म्हाताऱ्या माणसांच्या घरात आधाराचे दांडे आणि न घसरणारी फरशी हवी, हे कळते. मरण एकच, पण उपाय अगदी वेगळे.

१९५१ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ४०,००० डॉक्टरांनी आपल्या धूम्रपानाच्या सवयी एका प्रश्नावलीत लिहून दिल्या. पुढे त्यांतले कोण कशाने गेले, हे मृत्युनोंदींवरून पाहत राहिल्यावर सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते पक्के झाले. त्या नोंदींत नुसते ‘श्वास थांबला’ असते तर?

तुम्हाला असा कागद मिळाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे विचारा: ‘हे कशामुळे झाले, ते खालच्या ओळीत लिहाल का?’ हा प्रश्न विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

७. डॉक्टर प्रत्येक जण आपापल्या भाषेत लिहितो. मग आकडे जुळतात कसे?

लिहिलेल्या कारणाला ठरावीक सांकेतिक क्रमांक देतात. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १८९३ साली झाक बेर्तियों यांनी मांडलेल्या यादीतून वाढत आले. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण क्रमांक देणारा माणूस कागदावर नसलेले कारण शोधून काढू शकत नाही (प्रश्न ६).

८. मृत्यू घरीच झाला, डॉक्टर कोणी नव्हते. कारण कसे कळणार?

प्रशिक्षित कार्यकर्ता काही काळाने घरी येऊन विचारतो: ताप किती दिवस होता, श्वास लागत होता का, अंगावर सूज होती का, काही चावले होते का. या पद्धतीला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. घरच्यांनी सांगितलेल्या लक्षणांवरून डॉक्टर किंवा संगणक संभाव्य कारण ठरवतो. एका माणसाच्या बाबतीत ते चुकू शकते, पण हजारो मृत्यूंचे चित्र त्यातून बऱ्यापैकी खरे उमटते.

भारतात नमुना नोंदणीतल्या (निवडक भागांतल्या सततच्या मोजणीतल्या) मृत्यूंची अशी चौकशी झाली तेव्हा सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६,००० माणसे मरतात असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या आकड्यांत त्याचा अगदी थोडा भाग दिसत होता, कारण बहुतेक जण रुग्णालयापर्यंत पोचलेच नव्हते. असा कार्यकर्ता तुमच्या दारात आला तर दुखऱ्या आठवणी उकरल्या जातील, हे खरे आहे. तरी जमेल तेवढे सांगा. आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ म्हणून सांगा, अंदाजाने भरू नका.

९. आत्महत्या, एचआयव्ही, दारू… असे कारण नोंदवले तर घराची बदनामी होईल. दुसरे काही लिहिले तर चालेल का?

भीती समजण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी यासाठीच कुटुंबाला मिळणाऱ्या दाखल्यात कारण छापत नाहीत. कारणाचा कागद वेगळा आणि गोपनीय राहतो, आणि आकडेवारीत नाव जात नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे, ते आधी निबंधकाला विचारा. पुष्कळदा भीती तिथेच निम्मी होते.

पण खोटे कारण लिहू नका. आत्महत्या ‘अपघाती विषबाधा’ म्हणून नोंदल्या गेल्या की घातक कीटकनाशक सहज मिळते हा प्रश्न कोणाच्या नजरेला येत नाही, आणि ते कीटकनाशक तसेच विकले जात राहते. शिवाय संशयास्पद मृत्यूत कारण बदलणे हा बहुतेक देशांत गुन्हा आहे.

१०. बाळ जन्मून काही मिनिटेच जगले. नोंद एक की दोन?

दोन. आधी जन्माची, मग मृत्यूची.

आईच्या शरीरापासून वेगळे झाल्यावर बाळाने श्वास घेतला, हृदय धडधडले, नाळेत ठोका जाणवला किंवा हातपाय स्पष्ट हलवले, यांपैकी एक खूण दिसली तरी तो जिवंत जन्म. गर्भ किती आठवड्यांचा होता आणि नाळ कापली होती की नाही, याने फरक पडत नाही.

अशा वेळी दोन अर्ज भरायला सांगणे निष्ठुर वाटते. काही जण दयेपोटी ‘मृत जन्मले’ लिहून एका कागदावर भागवतात. पण त्याने त्या बाळाचे जगणे पुसले जाते आणि दुसरेही नुकसान होते. जन्मल्यानंतर बाळ दगावले असेल तर प्रश्न पहिल्या मिनिटांतल्या काळजीचा असतो: श्वास चालू करून देणारा कोणी होता का, ऊब मिळाली का. पोटातच दगावले असेल तर प्रश्न बाळंतपणापूर्वीच्या आणि कळा सुरू असतानाच्या देखभालीचा. एका कागदाने दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात.

बाळाचे नाव ठेवलेले नसले तरी नोंद होते. नावाची जागा कोरी राहू शकते.

११. आणि बाळ पोटातच गेले असेल तर?

ती उपजत मृत्यूची वेगळी नोंद असते. देशांची तुलना करताना २८ आठवडे किंवा त्यापुढचा गर्भ धरतात. तुमच्या कायद्यातली मर्यादा याहून कमी असू शकते. जिवंतपणाची एक जरी खूण दिसली असेल तर मात्र प्रश्न १० लागू होतो.

१२. बाळंतपणानंतर महिन्याभराने आई गेली. हा मातामृत्यू धरतात का?

गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्या अवस्थेमुळे किंवा तिच्यामुळे बळावलेल्या आजाराने झालेला मृत्यू हा मातामृत्यू. गर्भपातानंतरचाही. रस्त्यावरच्या अपघातासारखा असंबद्ध मृत्यू त्यात येत नाही. ४२ दिवसांनंतर, पण वर्षाच्या आत झालेला मृत्यू ‘उशिराचा मातामृत्यू’ म्हणून वेगळा मोजतात.

महिन्याभराने बाई दुसऱ्याच रुग्णालयात, दुसऱ्याच विभागात, ‘ताप’ किंवा ‘हृदयविकार’ म्हणून दाखल होते. ती नुकती बाळंत झाली होती, हे कागदावर येतच नाही. म्हणून बाळंतपणाच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीच्या मृत्यूत ‘गरोदर होती का, वर्षभरात बाळंतपण किंवा गर्भपात झाला होता का’ हा रकाना भरलाच पाहिजे. तिथे मारलेली आडवी रेघ म्हणजे ‘नाही’ नव्हे. त्याचा अर्थ कोणी विचारलेच नाही, एवढाच.

१३. आमच्या छोट्या गावात अर्भक मृत्युदर एका वर्षात दुप्पट झाला असे सांगतात. घाबरायचे का?

आधी दरामागचे आकडे मागा. हा दर दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांचा. गावात १२० जन्म आणि दोन अर्भकमृत्यू असतील तर दर सुमारे १७ येतो. पुढच्या वर्षी चार झाले की ३३. दर दुप्पट झाला, पण फरक दोन बाळांचा आहे आणि तो योगायोगानेही पडू शकतो. अशा ठिकाणी तीन ते पाच वर्षांची बेरीज करून दर काढतात.

याचा अर्थ ती दोन बाळे दुर्लक्षावीत असा नाही. छोट्या गावात दर निरुपयोगी असतो, तिथे प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करता येते आणि ती करावी. कधी दर वाढतो तो नोंदणी सुधारल्यामुळेही. आधी न लिहिलेले मृत्यू आता लिहिले जाऊ लागलेले असतात, तेव्हा बोल नोंदवणाऱ्याला लावू नये.

१४. मृताचे वय नक्की माहीत नाही. साठ-पासष्ट लिहिले तर?

जन्मकागद नसेल तर एखाद्या मोठ्या घटनेच्या आठवणीवरून किंवा थोरल्या मुलाच्या वयावरून काढा. लोक शून्य आणि पाच या अंकांवर वय टेकवतात. ते किती प्रमाणात झाले आहे हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक वापरतात: १०० म्हणजे असा कल नाही, ५०० म्हणजे सगळीच वये शून्य किंवा पाचने संपणारी. तान्ह्या बाळाचे वय मात्र दिवसांत लिहा. २८ दिवसांच्या आतला मृत्यू नवजात मृत्यू म्हणून वेगळा मोजतात, आणि ‘एक महिना’ लिहिले की ते बाळ त्या गटातून निसटते.

१५. आपल्या भागातली नोंदणी पूर्ण आहे का, हे सामान्य माणूस ओळखू शकतो का?

काही खुणा आहेत. मोठ्या संख्येत दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. नोंदीत मुलगे फारच जास्त दिसले तर मुलींच्या नोंदी राहत असतील, किंवा त्याहून वाईट काही घडत असेल. दोन्ही शोधायला हवे. स्मशानातली किंवा दफनभूमीतली वही आणि मृत्युनोंदवही शेजारी ठेवून पाहा. जन्मनोंदींशी लसीकरणाची यादी ताडून पाहा. आणि वर्षभरात एकही नवजात मृत्यू नोंदलेला नसलेले मोठे गाव दिसले तर अभिनंदन करण्याआधी दाई आणि आरोग्यसेविका यांच्याशी बोला.

१६. वादळ, पूर किंवा साथीनंतर मृतांचे आकडे इतके वेगवेगळे का येतात?

कारण मोजणी दोन प्रकारे होते. एकात प्रमाणपत्रावर आपत्तीचे नाव असलेले मृत्यू मोजतात. दुसऱ्यात त्या काळातले एकूण मृत्यू घेऊन, एरवी अपेक्षित असलेले त्यातून वजा करतात. उरतात ते अतिरिक्त मृत्यू.

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आले. अधिकृत आकडा बरेच महिने ६४ होता. मृत्युनोंदींवरून अतिरिक्त मृत्यू काढल्यावर सहा महिन्यांतला अंदाज २,९७५ आला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने तो स्वीकारला. वीज बराच काळ नव्हती, रस्ते तुटले होते, औषधोपचार खंडित झाले होते. अशा मृत्यूंच्या कागदावर ‘वादळ’ हा शब्द नव्हता. कोविडच्या बाबतीत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख आहे. देशांनी कळवलेले मृत्यू सुमारे ५४ लाख होते. जिथे नोंदणी चांगली तिथे ही वजाबाकी सरळ होते, बाकीच्या ठिकाणी गणिती प्रारूपांचा आधार घ्यावा लागतो.

१७. माणूस पुरात वाहून गेला, मृतदेह सापडलाच नाही. नोंद होते का?

होते, पण कागदोपत्री मार्ग लांब असतो. सहसा न्यायालय किंवा सक्षम अधिकारी मृत्यू झाल्याचे जाहीर करतो. एरवी बेपत्ता असलेल्यांसाठी पुष्कळ कायद्यांत काही वर्षे थांबावे लागते, आणि मोठ्या आपत्तीनंतर ही मुदत बऱ्याच ठिकाणी कमी करतात. आदेश घेताना घटनेची तारीख, जागा आणि ‘पुरात वाहून गेला’ हे कारण त्यात स्पष्ट लिहून मागा. तसे नसेल तर तो मृत्यू आदेशाच्या तारखेला, कित्येक वर्षांनंतरच्या एखाद्या कोरड्या महिन्यात, कारणाविना नोंदला जातो आणि त्या पुराच्या मोजणीत कधीच येत नाही.